फुलातला ताणा

अमरावतीहून निघालेल्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जास्वंदीच्या फांद्या होत्या. चैत्राचं ऊन. खिडकीची दांडी हात लावू देत नव्हती. मी बाटलीतलं पाणी आधी फडक्यावर शिंपडायची आणि उरलंच तर स्वतःच्या तोंडात टाकायची. कंडक्टर आला, गाठोड्याकडे वाकून बघितलं आणि आवाज बारीक करून म्हणाला, "लेकरू झोपलं काय आजी?"

मी म्हटलं, "फांद्या हायेत रे बाप्पा, जास्वंदीच्या."

"मंग त्याइचं बी तिकीट काढा."

"जगल्या त काढीन. पुढच्या खेपेले."

तो हसत पुढे गेला, पण मला काही हसू आलं नाही. कारण त्यातली एक तरी जगायला हवी होती. चैत्रात फांदी लावायची नसते, हे माळ्याच्या घरात जन्मलेल्या मला कुणी शिकवायला नको. आमच्या वऱ्हाडातलं ऊन मुळं फुटलेल्या झाडाला उभं जाळतं, मग मुळं नसलेल्या काडीची काय कथा. पण वेळ माझ्या हातात नव्हती. आदल्या दिवशी शमीमचा फोन आला होता. "फुलवाली, कुंपन जाऊन रायलं वं. उद्या मशीन येनार हाय. तुले फांदी पायजे असन त येऊन घेऊन जाय."

शमीम माझी लहानपणची मैत्रीण, आणि कुंपण तिच्या आईच्या घराचं, जास्वंदीचं. तिनं मला कधी नावानं हाक मारली नाही, मी तिची फुलवालीच. कुंपण का जाणार होतं, जागा कुणाला गेली, हे सगळं तिनं मला सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं, पण इथे ते सांगत बसत नाही. कुंपण जाणार होतं, एवढं पुरे. शमीम त्यानंतर अकोल्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला जाणार होती, चौथ्या मजल्यावर. मी विचारलं, "तू बी घे ना एखादी फांदी, गॅलरीत लावजो." तर म्हणाली, "माह्यात दम नाही रायला आता, काही जगवाचा. तूच घेऊन जाय."

ती असं कधी बोलणारी नव्हती. ते वाक्य त्या फांद्यांसोबत मी अकोटला, माझ्या घरी, घेऊन आले.

आमचा मळा अमरावतीच्या कडेला होता, बडनेऱ्याच्या बाजूला. आता तिथे काय आहे ते विचारू नका, शमीमकडे गेले तरी मीही तिकडे बघत नाही. पण डोळे मिटले की मोटेच्या जागी नुकतंच आलेलं इंजिन धापा टाकायला लागतं, ओल्या मातीचा आणि डिझेलचा मिळून एक वास येतो, आणि त्या वासातून शेवंती, गलांडा, मोगरा, निशिगंध एकेक करून बाहेर येतात. आई पहाटे फुलं तोडायची तेव्हा तिच्या बांगड्या वाजायच्या नाहीत. ती त्या कोपरापर्यंत सरकवून वर चिंधी बांधायची, फुलाला लागू नयेत म्हणून. तोडलेली फुलं पळसाच्या पानांवर, त्यावर ओलं गोणपाट. बाजारात गेलेल्या फुलांचा वास दिवसभर आमच्या अंगाला यायचा. शाळेत पोरी म्हणायच्या, ही आली की देवळात बसल्यासारखं वाटते.

मळ्याला लागून शमीमचं घर. तिच्या अम्मीला मी खाला म्हणायची. खालाच्या घरात हातमाग होता, जमिनीत खड्डा करून बसवलेला, पाय खड्ड्यात सोडून चालवायचा. दिवसभर खटक खट, खटक खट. तो आवाज थांबला की आई म्हणायची, खाला जेवाले बसली वाटते. सकाळी सकाळी त्यांच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत खुंट्यांवर ताणा पसरलेला असायचा. ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, आधी ते मागावर चढतात, आणि मग आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्यातून इकडून तिकडे फिरतो. पांढऱ्या धाग्यांची ती नदीच वाटायची मला. खाला आणि चाचा, म्हणजे शमीमचे अब्बा, दोन्ही बाजूंनी त्यावर कांजी चढवत जायचे, आणि आंबूस, भाताच्या पेजेसारखा तो वास आमच्या मोगऱ्यात येऊन मिसळायचा. आम्हा पोरींना ताण्याखालून जायची सक्त मनाई होती. आम्ही जायचोच.

मागाच्या पडवीत धूळ जाऊ नये म्हणून खालानं बाहेरून जास्वंदीचं कुंपण केलं होतं. साधी, एकेरी, लाल जास्वंद. पाच पाकळ्या आणि मधून बाहेर आलेला लांब दांडा. माळ्याच्या नजरेला तिची काही किंमत नव्हती. आमच्याकडे भरलेली जास्वंद होती, गेंदासारखी, पाकळीवर पाकळी. आई खालाला चिडवायची, "तुही जास्वंद म्हंजे नुसते दात काढलेलं तोंड हाय वं." खाला म्हणायची, "मेरी बकरी को पूछ, उसको कौनसी भाती." कारण खालाची बकरी एकेरीही खायची आणि संधी मिळाली की आमची भरलेलीही. त्यावरून दोघींची जुंपायची. दुपारी जुंपायची आणि संध्याकाळी एकीच्या घरची भाजी दुसरीकडे जायची.

आम्ही पोरी त्या एकेरी जास्वंदीचा तळाचा चिकट भाग सोलून नाकावर चिकटवायचो आणि कोंबडे व्हायचो. नाहीतर मधल्या दांड्याची पिवळी पावडर नाकाच्या शेंड्याला लावायची. शमीम ती दिवसभर पुसायची नाही. तशीच मदरशात जाऊन मार खाऊन यायची.

आता आमच्या मळ्याची एक रीत सांगते. शहरातल्या एका कॉलेजात झाडांचं शास्त्र शिकवायचे. त्यांच्या मुलांची प्रात्यक्षिकाची परीक्षा आली की तिथला शिपाई आदल्या दिवशी सायकलवर यायचा आणि बांधावरूनच ओरडायचा, "मावशी, उद्या परीक्षा हाय. धोतरा लागते, कांद्याचं फूल लागते." जे सांगेल ते. देवाला, लग्नाला, मयताला फुलं द्यायची आणि वर्षातून एकदा परीक्षेला द्यायची. आई त्या दिवशी बाजारापेक्षा जास्त जपायची. परीक्षा म्हणजे तिच्या लेखी देवकार्यच होतं. ती स्वतः शाळेत गेली नव्हती, म्हणून तर जास्तच.

त्या वर्षी शिपाई म्हणाला, "जास्वंद." एवढंच म्हणाला आणि गेला.

आईनं संध्याकाळी कळ्या निवडल्या. जास्वंदीची कळी तोडून ठेवली तरी सकाळी आपली आपण उमलते, पाणीसुद्धा लागत नाही तिला. मी म्हटलं, "आई, कोनती जास्वंद?" आई म्हणाली, "हे काय विचारनं झालं? लेकराइची परीक्षा हाय. भरलेलं फूल देऊ." आणि मळ्यातल्या सगळ्यात टपोऱ्या कळ्या तिनं टोपलीत मांडल्या, त्यातली एकही दुसरीवर पडू नये अशा. सकाळी उघडून बघितलं तर टोपली लालभडक फुललेली. आईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की वाटावं, परीक्षेत तीच पहिली येणार आहे.

कॉलेजात लांब टेबलं, पांढरे कोट घातलेली मुलंमुली, कुणी ओठ हलवून पाठ करतंय. आणि एक मॅडम, सुती पातळ, डोळ्यांवर जाड चष्मा. मॅडमनी पहिलं फूल उचललं, ब्लेडनं उभं चिरलं आणि आत वाकून बघितलं. दुसरं चिरलं. आत पाकळ्या, त्यांच्या आत आणखी पाकळ्या.

आई घाबरून म्हणाली, "काहून जी मॅडम? पाकळ्या कमी पडतात काय?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, फुलं फार सुंदर आहेत. पण आत जे धागे असतात ना, त्यांच्याच या पाकळ्या झाल्यात. मुलांना ते धागे काढून दाखवायचे आहेत. साधी, पाच पाकळ्यांची मिळेल का? आत्ता?"

आईनं टोपलीकडे बघितलं. मी आईकडे बघितलं आणि पळत सुटले.

खाला मागावर होती. मी दारातून ओरडले, "खाला, तुही दात काढलेली जास्वंद पायजे, सगळी!" तिनं माग थांबवला. खड्ड्यातून पाय वर घेतले, ओढणी पसरली आणि कुंपणाला भिडली. शमीम दुसऱ्या टोकानं. पाहता पाहता लाल कुंपण हिरवं झालं. बकरी बघत उभी होती. खाला तिला म्हणाली, "आज तेरा रोजा है." ओढणीची झोळी एका टोकाला मी धरली, दुसऱ्या टोकाला शमीमनं, आणि आम्ही दोघी रस्त्यानं अशा पळालो की मधे हवा भरून ओढणी फुगायची.

परीक्षा झाली. मुलांनी धागे काढले, मांडले, चित्रं काढली. आम्ही दोघी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो होतो, आई आत जायला तयार नव्हती. सगळे गेल्यावर मॅडमनी आम्हाला आत बोलावलं आणि भिंगाखाली एक फूल ठेवलं. शमीमनं आधी डोळा लावला आणि "या अल्ला" म्हणाली. मग मी. अहो, तो दांडा नव्हताच एक. धाग्यांना धागे मिळून झालेली लाल नळी, तिच्या अंगावर सुटी टोकं आणि एकेका टोकावर सोन्याचा दाणा. इतकी वर्षं नाकाला फासत होतो, ते हे!

मॅडम म्हणाल्या, "मराठीत याला पुंकेसर म्हणतात. इथली मुलं स्टॅमेन म्हणतात. त्यांना वाटतं इंग्रजी आहे, पण मुळात तो लॅटिन शब्द. खूप जुन्या काळी रोमच्या बायका उभ्या मागावर कापड विणायच्या. त्या मागावरचा उभा धागा, तो स्टॅमेन. पुढे फुलांचा अभ्यास करणाऱ्यांना फुलात तसेच उभे धागे दिसले, त्यांनी तेच नाव दिलं."

शमीम म्हणाली, "म्हंजे ताना."

"ताणाच," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा चष्म्याआडचा चेहरा असा उजळला! मग खुर्ची ओढून आमच्यासमोर बसल्याच. म्हणाल्या, त्या लोकांची समजूत होती की माणूस जन्मला की त्याच्या आयुष्याचाही धागा कातला जातो, आणि त्यालाही ते हाच शब्द वापरायचे. एक असला तर स्टॅमेन, पुष्कळ असले की स्टॅमिना. माणसात टिकून राहायचं बळ असतं त्याला स्टॅमिना म्हणतात, ते इथूनच.

घरी आल्यावर शमीमनं पडवीतूनच आरोळी ठोकली, "अम्मी, फूल में ताना रहता!" खालानं धोटा थांबवला. सगळं ऐकून घेतलं, रोमच्या बायकांचंही. तिला त्यात नवल काही वाटलं नाही, बायका विणतात तर विणतात. पण एक गोष्ट तिला पटेना. म्हणाली, "ताना हाय, बराबर. मंग बाना कोन टाकते?"

आम्ही बाहेर बघितलं. कुंपणावर शिपायाची वाट न बघता एक उशिराची कळी उमलली होती आणि तिच्यात एक भुंगा शिरत होता, निघत होता, शेजारच्या झाडावर जात होता, परत येत होता. शमीम म्हणाली, "भुंगा टाकते. जाते-येते, जाते-येते."

खालानं मान वाकडी करून भुंग्याच्या दोन-तीन खेपा बघितल्या. मग म्हणाली, "मजदूरी कम लेता होगा," आणि खटक खट सुरू.

आई मात्र त्या दिवशी जेवली नाही. तर संध्याकाळी खाला ताट घेऊन आली, समोर बसली आणि म्हणाली, "अवं, तू बी कमाल करते. परीक्षेले साधं फूल लागते आन् देवाले भरलेलं. दोघींच्या घरचं खपलं. रडाचं काय त्याच्यात?" त्यानंतर दरवर्षी शिपाई आला की आई बांधावरूनच सांगायची, "जास्वंद त्या घरून घेजो." कॉलेजच्या वाटेनं आम्ही दोघी ओढणी धरून पळायचो, लग्नं होऊन पांगेपर्यंत.

लग्नानंतर मी अकोटला आले, आणि खालाच्या मागे शमीम परत त्या कुंपणाच्या घरी राहायला आली. शाळा सातवीत सुटली होती, पुढचं जे काही वाचलं ते पुड्यांच्या कागदांवर आणि मुलाच्या पुस्तकांवर. अकोटला जिनिंगच्या दिवसांत हवेत कापूस उडतो, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसतो. मी तो चिमटीत धरून उगाच वळायची, धागा करायची. पहाटे मैदानावर भरतीसाठी पोरं धावतात, त्यांचा मास्तर ओरडतो, "स्टॅमिना वाढवा, स्टॅमिना!" आणि मी अंगणात सडा टाकता टाकता हसते. सूनबाई विचारते, "काय झालं आई?" काय सांगू तिला? की तो पोरांना धागे वाढवा म्हणतोय!

तर त्या फांद्या. नर्सरीत मी आधीच विचारून पाहिलं होतं, एकेरी लाल आहे का म्हणून. पोऱ्या म्हणाला, "आजी, एकेरी कोन घेते आता? हे घ्या ना, भरलेलं." माझ्या आईचाच शब्द. मी रिकाम्या हातानं परत आले.

म्हणून जे होतं ते त्या फडक्यातच होतं. कुंपणापाशी उभं राहून शमीमनं फांद्या कापून दिल्या होत्या, तिरप्या, कोंब फुटायचा डोळा पाहून. हात तिचे अजून बरोबर चालत होते. पडवीत मागाचा खड्डा कधीचा बुजलेला, त्यावर फरशी. आत जाऊन तिनं पेटीतून एक सुताची लडी आणली, खालाच्या हातची, कांजी धरून पिवळी पडलेली. "फांदी बांधाले होईन," म्हणाली. मी नाकाशी नेली. वास नव्हता. पण मी नेली नाकाशी.

अकोटला आल्यावर सगळ्या फांद्या डब्यांत लावल्या आणि रांजणाच्या सावलीत ठेवल्या, जिथे रात्रंदिवस पाणी पाझरतं. आठवड्याभरात एकेक काळी पडायला लागली. रोज सकाळी मी नखानं साल खरवडून बघायची, आत हिरवं दिसतं का. नाही. नाही. हिचंही नाही. वैशाख लागला तशी हवा भट्टीसारखी अंगावर यायला लागली. शेवटी एकच उरली, करंगळीएवढी. मी तिला काडीचा आधार देऊन खालाच्या सुतानं बांधलं आणि डबा उचलून कूलरच्या समोर आणला.

सूनबाई, रुपाली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आई, कूलर आमाले हाय की त्या काडीले?"

"दोघाइले. सरकून बस थोडी."

"काडी हाय ते, आई. वाळली."

"वाळली त वाळली. हवा तर खाईन."

रुपाली बोलते फटकन, पण पोरगी लाख मोलाची. दुसऱ्या दिवसापासून कूलरच्या टाकीत पाणी भरताना ती एक तांब्या डब्यात ओतायला लागली, मला न सांगता. आणि एके दिवशी दुपारी तिनंच हाक मारली, "आई, या बरं इकडे, काडीले काही फुटून रायलं."

मोहरीएवढा हिरवा ठिपका. मी चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. मग शमीमला फोन लावला. ती "अच्छा" म्हणाली. नुसतं अच्छा. तिची सून फोन घेऊन हळूच म्हणाली, "खालाजान, अम्मी दिवसभर खिडकीपाशी बसते, बोलतच नाही." मी फोन ठेवला आणि त्या ठिपक्याला म्हटलं, बापा, जोर लाव.

त्यानं जोर लावला. पानाला पान आलं, पाऊस येऊन स्थिरावला, आणि गणपतीच्या आधी शेंड्याशी कळी धरली. रोज थोडी लांबायची, मग एका संध्याकाळी टोक लाल झालं. रुपालीला केवढा आनंद! "घरची जास्वंद! पैलं फूल गनपतीले वाहू, आई."

मी म्हटलं, "गनपतीले दुसरं वाहू. तो काही पळून जाऊन नाही रायला."

ती कपाळाला हात लावून आत गेली. सकाळी मात्र तिनंच डबा पिशवीत नीट बसवून दिला, बाजूनं कापड कोंबून, आणि मला अकोल्याच्या एसटीत बसवून दिलं. आणि काय सांगू, वाटेतल्या चोहोट्याच्या अलीकडेच कुठेतरी, माझ्या मांडीवर, ती कळी सैल झाली. आधी एक पाकळी सुटली, मग गुंडाळी उलगडल्यासारख्या बाकीच्या. शेजारची बाई लेकराला दाखवून म्हणाली, "पाय पाय, फूल उमलून रायलं." गाडी खड्ड्यातून गेली की मी दोन्ही हातांनी त्याच्याभोवती ओंजळ धरायची. अकोला आलं तेव्हा पाचही पाकळ्या उघड्या होत्या.

लिफ्टनं चौथ्या मजल्यावर. शमीम खरंच खिडकीपाशी होती. मी डबा तिच्यासमोर गॅलरीच्या कठड्यावर ठेवला. ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग फुलाकडे, मग काडीला बांधलेल्या त्या पिवळ्या सुताकडे. सुताला तिनं बोट लावलं. मग उठली, गुडघ्यांवर हात टेकून, आणि फुलापाशी एवढी वाकली की तिचं नाक पाकळ्यांच्या आत गेलं.

"ताना साबूत हाय," ती म्हणाली.

"हाय मंग! खालाचं कुंपन हाय ते."

ती तशीच वाकून होती. खाली रस्त्यावर गाड्या, समोर नुसत्या इमारती. मग मान वर न करता म्हणाली, "पन इतक्या वर बाना टाकाले कोन येईन वं, फुलवाली?"

"अकोट-अकोला एसटी हाय ना," मी म्हटलं. "जाईन, येईन. जाईन, येईन."

शमीमनं मान वर केली. नाकाच्या शेंड्यावर पिवळाधमक ठिपका होता. मी तिला सांगितलं नाही. ती आत गेली आणि सुनेला म्हणाली, "चहा टाक वं, आन् मले एखादी मोठी कुंडी पाहून ठेव."